कॅस्टीलची लोकर, विशेष संदर्भ पुणे जिल्हा

इतिहासाच्या आमच्या विभागात विषय निवडायचा नसतो. तो वाटला जातो, आणि वाटणाऱ्याचा हात सहसा चुकत नाही. आडनाव आणि पत्ता कळला की विषय तयार. मांजरी गावाहून येणाऱ्या मुलीला ऊस आणि साखर कारखाने. पेठेत वाढलेल्या मुलाला पेशवेकालीन कागद. आणि आमच्यासारख्यांना, म्हणजे छप्पन सालच्या धर्मांतरात ज्यांचे आजोबा बौद्ध झाले त्यांना, चळवळ. यात कुणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. साधनं घरातच मिळतात, माणसं ओळखीची असतात, काम लवकर उरकतं, असं प्रेमाने समजावतात. मला ही पद्धत विद्यार्थी असल्यापासून माहीत होती आणि तेव्हापासूनच तिचा संताप येत होता.

मला लिहायचं होतं कॅस्टीलवर. कॅस्टील म्हणजे आजच्या स्पेनचा मधला मोठा भाग. स्पेन नावाचा एक देश होण्याआधी तिथलं सगळ्यात बलाढ्य राज्य तेच. मी कोथरूडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढ्यापुरती मी महाविद्यालयाची आणि उन्हाळ्यात कुणाचीच नाही. दुसऱ्या वर्षाचा युरोपचा पेपर माझ्याकडे असतो, कारण कायम नोकरीतल्या कुणालाच तो नको असतो. त्या पेपरच्या पाठ्यपुस्तकात कॅस्टीलच्या वाट्याला एवढंच येतं की हे राज्य उत्तम लोकर बाहेर पाठवी आणि बाहेरून उंची कापड आणवी. ते फळ्यावर लिहिता लिहिता मीच अडले. लोकर तुमची, विणकर तुमच्या गावात बसलेले, मग कापड परक्याचं कशाला? तास संपला, बस आली, घर आलं, तरी ते डोक्यातून जाईना.

मग वाचत गेले. तिथे मेंढपाळांचा एक जबरदस्त संघ होता. थंडीत प्रचंड कळप दक्षिणेला उतरत, उन्हाळ्यात पुन्हा उत्तरेला चढत. त्यांच्या वाटा राजाने राखून दिलेल्या. कळपाने पीक तुडवलं म्हणून वाटेवरच्या शेतकऱ्याने तक्रार केली तर न्याय बहुतेक वेळा मेंढ्यांच्या बाजूने व्हायचा. राजाला कळपांवर कर मिळायचा, आणि मोठ्या कळपांचे मालक कोण, तर बडे सरदार आणि मठ. लोकर बुर्गोस नावाच्या शहरातल्या व्यापाऱ्यांकडे जायची, तिथून उत्तरेच्या बंदरांत, आणि जहाजाने फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे. तिथले विणकर तिचं कापड करायचे आणि तेच कापड परत येऊन कॅस्टीलच्या सरदारांच्या अंगावर मिरवायचं.

राज्याचे मित्र आणि शत्रूही याच लोकरीने बांधलेले होते. सावत्र भावाला मारून एक जण गादीवर बसला, तो फ्रान्सच्या मदतीने. त्या उपकारापोटी कॅस्टीलच्या गलबतांनी फ्रान्सच्या बाजूने लढून इंग्लंडच्या आरमाराचा पराभव केला. पुस्तकं याला मैत्री म्हणतात. पण इंग्लंडही फ्लँडर्सला लोकरच विकत होतं. प्रतिस्पर्ध्याच्या नाकावर टिच्चून त्याचा बाजार मिळत असेल तर अशी मैत्री कुणाला नको? इकडे गावोगावचे विणकर नगरांच्या प्रतिनिधींमार्फत राजाच्या सभेत ओरडत होते की चांगली लोकर सगळी बाहेर जाते, आम्ही विणायचं काय? एकदा तिसरा हिस्सा लोकर देशातच ठेवावी असा हुकूमही निघाला. कळप ज्यांचे होते, वजनही त्यांचंच होतं, त्यामुळे त्या हुकमाला कुणी कितपत भीक घातली याची मला दाट शंका आहे. वाचताना माझं डोकं तापायचं. शेकडो वर्षांपूर्वीच्या, कधीही न पाहिलेल्या गावांतल्या विणकरांसाठी मी कोथरूडच्या बस थांब्यावर उभी राहून चिडत होते, आणि मला त्यात काहीही विचित्र वाटत नव्हतं.

स्पॅनिश शिकायला संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. वर्गात सगळी विशीतली पोरं, कंपनीने पाठवलेली. एकीने विचारलं, मॅम, तुमचा क्लायंट कुठला? मी म्हटलं, मेंढ्या. ती हसली, मीही हसले, पण मी खोटं बोलत नव्हते. तीच पोरं वर्ष संपायच्या आत परदेशी गेली आणि मी जुन्या सनदांची भाषा लावत पुण्यातच राहिले.

माझे मार्गदर्शक पेठेतले. सगळी हयात मोडी कागद वाचण्यात गेलेली, बोलणं मोजकं आणि तिखट. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, त्यांनी उभ्या उभ्या वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “बाई, तुमच्यावाचून स्पेनचं काही अडलंय का?”

मी म्हणाले, “नाही सर. पेशव्यांचं तुमच्यावाचून अडलं होतं का?”

माझं मलाच वाटलं की आता हे मला दार दाखवणार. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि सही केली. त्या दिवसापासून ते माझ्या बाजूने होते, अर्थात त्यांच्या पद्धतीने, म्हणजे त्यांनी माझं कौतुक असं कधीच केलं नाही.

घरची गोष्ट अवघड होती. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते सरकारी कारखान्यात लेथवर होते, आणि निवृत्त झाल्यापासून बिबवेवाडीतल्या आमच्या विहाराचा सगळा कारभार बघतात. रविवारची वंदना, महिन्याचं व्याख्यान, सतरंज्या, माईक, सगळं त्यांच्याकडे. मुलगी पीएच.डी. करतेय हे त्यांनी साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. कशावर, हे मात्र ते सांगत नव्हते. एका रविवारी ओळखीच्या एक वृद्ध बाई मला थांबवून म्हणाल्या की धर्मांतराच्या वेळचं सगळं मला आठवतंय, तू कधी येतेस विचारायला, माझा काय भरवसा. मग माझ्या लक्षात आलं. दादांनी विहारात सांगितलं होतं की पोरगी आपल्याच विषयावर लिहितेय.

घरी येऊन विचारलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “मग काय सांगू? मेंढ्या?”

मी गप्प राहिले नाही. ते माझ्या स्वभावात नाही. तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “आपल्या लोकांचं आपण नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? त्यांनी?”

“दादा, आपल्या लोकांनी फक्त आपलंच लिहावं, हे तर तेच म्हणतात.”

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं हे मलाही कळत होतं. त्या बाईंकडे मी पुढच्याच आठवड्यात गेले, त्यांचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं, ते काम कुणीतरी केलंच पाहिजे. पण ते काम आणि माझा विषय या दोन गोष्टी होत्या, आणि पेठेतल्या कुणाला या दोनांतली एकच निवड असं कुणी सांगत नाही. दादा आणि मी बरेच दिवस कामापुरतं बोलत होतो.

मग विद्यापीठाच्या संशोधन समितीची बैठक आली. विषय मंजूर करणारी ही समिती. लांब टेबल, चहा, बिस्किटं, आणि एकेक उमेदवार आपल्या मार्गदर्शकासह आत. इथे एक रिवाज आहे. प्रबंधाचा विषय कुठलाही असो, शेवटी ‘विशेष संदर्भ पुणे जिल्हा’ असं येतंच. स्त्रीशिक्षण, विशेष संदर्भ पुणे जिल्हा. गुळाचा व्यापार, विशेष संदर्भ पुणे जिल्हा. त्याने विषय आवाक्यात राहतो म्हणतात, आणि गुळाच्या बाबतीत ते खरंही असेल. माझ्या आधीच्या सगळ्यांच्या विषयांना ही शेपटी होती आणि त्यांचे विषय चहा गार व्हायच्या आत मंजूर झाले.

माझ्याकडे आल्यावर आधी साधनांबद्दल विचारलं. तो प्रश्न रास्त होता आणि मी तयारीने गेले होते. छापील सनदा कोणत्या, दफ्तरखान्यांनी इंटरनेटवर काय ठेवलंय, मला मूळ भाषा किती वाचता येते, सगळं सांगितलं, दोन परिच्छेद वाचूनही दाखवले. मग एक सदस्य पुढे झुकले. पाहुण्याला आणखी एक पोळी वाढावी इतक्या मायेने म्हणाले, “पण मॅडम, तुमच्याकडे तुमच्या समाजाचा केवढा अनुभव आहे. तो सोडून हे कशासाठी?”

मी म्हटलं की अनुभव मी सोडलेला नाही, तो माझ्याबरोबर कॅस्टीलला येईल. त्यांना ते आवडलं नसावं. अध्यक्षांना वाद नको होता. ते म्हणाले की विषय राहू द्या, आपण मार्ग काढू, शेवटी फक्त ‘विशेष संदर्भ पुणे जिल्हा’ एवढं जोडा. मला वाटलं चेष्टा आहे. पाहिलं तर कुणीच हसत नव्हतं. मी विचारलं की मध्ययुगीन कॅस्टीलच्या परराष्ट्र धोरणाला पुणे जिल्ह्याचा संदर्भ मी नेमका कुठे लावू. तर दुसऱ्या एका सदस्यांनी खरोखर मदत करण्याच्या हेतूने सांगितलं, तिकडे लोकर, इकडे मांजरीला ऊस. कच्चा माल तो कच्चा माल. तुलना करा, एक प्रकरण सहज होईल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीत दुरुस्त शीर्षक आणा, असं ठरलं.

ती माझी शेवटची बैठक असणार होती. त्यानंतर नोंदणीची मुदत संपत होती आणि मी दिलेली प्रवेश परीक्षाही बाद होत होती. म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि कायम नोकरीच्या मुलाखतीत पीएच.डी. नसलेल्याला आता कोण विचारतं? माझी चाळिशी आली होती. दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षी तास मिळतील का याची वाट बघून मी थकले होते.

जिन्यात सर म्हणाले की जोडून टाका. शीर्षक समितीसाठी असतं, आतलं आपलं असतं. ऊस एका पानात आटपा आणि मोकळ्या व्हा. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. सरांसारखा माणूस जोडा म्हणतो तर जोडावं, असं म्हणत मी घरी आले आणि ते शब्द टाइप करून छापून काढले.

कागद जेवणाच्या टेबलावर होता. दादांनी तो उचलून मोठ्याने वाचला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. “हे बरं झालं,” ते म्हणाले. “पुणे जिल्हा आला ना. आता चारचौघांत सांगता येईल.”

माझा तोल गेला. मी म्हणाले की यात पुण्याचा काडीचा संबंध नाही, मी खोटं लिहिलंय. मी कुठपर्यंत जायचं ते त्यांना ठरवता यावं म्हणून हे शब्द घालायला लावलेत. समितीला माझा विषय नको आहे असंही नाही, त्यांना मी माझ्या जागेवर बसलेली दिसायला हवी आहे, आणि तुम्हालाही तेच हवं आहे. शेवटचं वाक्य त्यांना लागलं. आई आतून मेथीची जुडी घेऊन आली, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि भांडा पण निवडा म्हणाली. आम्ही मेथी निवडायला बसलो.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, “आहे तरी काय ते कॅस्टील? नीट सांग. मेंढ्यांपासून.”

मी मेंढ्यांपासून सांगितलं. राजाचा कर, सरदारांचे कळप, फ्लँडर्सचं कापड, फ्रान्सची मैत्री, विणकरांच्या तक्रारी. ते मध्ये मध्ये अडवत होते. इंग्लंडशी वाकडं घेतल्यावर इंग्लंडने जहाजं अडवली नाहीत का? अडवली, मी म्हटलं, लुटलीही, म्हणून तर मधूनमधून तह करावे लागले. मग तह मोडायचे कशाला? मी सांगत होते, ते नाही म्हणत होते. त्यांचं मत पडलं की राजा सरदारांना घाबरत होता, बाकी सगळ्या सबबी. मला ते इतकं सोपं वाटत नाही. राजाला लढाईसाठी रोकड लागत होती आणि ती मेंढीइतक्या लवकर दुसऱ्या कशातूनही येत नव्हती. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते पुन्हा माझ्या खोलीच्या दारात. रात्रभर विचार केला, म्हणाले, तुझं रोकडीचं मला पटत नाही. विणकर जगले असते तर त्यांनीही कर दिला असता.

आम्ही आठवडाभर भांडत होतो. भाजी आणताना, पंखा पुसताना, विहाराच्या सतरंज्या झटकताना. मध्येच कधीतरी माझ्या ध्यानात आलं की याचा आपल्याशी काय संबंध, हे दादांनी एकदाही विचारलेलं नाही. ते कॅस्टीलमध्ये जाऊन बसले होते आणि तिथे त्यांना कुणाचंही बोलावणं लागलं नव्हतं. मी तो कागद फाडला आणि जुनं शीर्षक पुन्हा छापलं.

दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांनी शीर्षक पाहिलं आणि काही राहून गेलंय का असं विचारलं. मी म्हटलं, नाही, मी ते शब्द जोडणार नाही. मायेने बोलणारे सदस्य म्हणाले की हट्ट कशाला, सगळेच जोडतात. मी ठरवून गेले होते की आवाज चढवायचा नाही. तो मी चढवलाही नाही.

“मागच्या हिवाळ्यात याच इमारतीत आपण एका परदेशी विदुषींचा सत्कार केला,” मी म्हणाले. “त्यांनी आपल्या पेठांवर ग्रंथ लिहिला म्हणून शाल दिली, नारळ दिला. मीही टाळ्या वाजवल्या, ग्रंथ चांगलाच आहे. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं गाव सोडून हे कशासाठी. त्यांच्या जिल्ह्याचा विशेष संदर्भ कुणी मागितला नाही. त्या कुठूनही येऊन आपल्यावर लिहू शकतात आणि मी बिबवेवाडीतून कुठेच जाऊ शकत नाही, हा नियम कुठे लिहिलाय तेवढं मला दाखवा.”

अध्यक्ष म्हणाले, कळवतो. मी उठले तेव्हा सर माझ्याकडे न बघता समितीला म्हणाले की माझं मत नोंदवून घ्या, विषय आहे तसा योग्य आहे. मला जोडून टाका म्हणणारे सर ते हेच. बाहेर आल्यावर मी काही बोलणार तोच ते म्हणाले की बस चुकेल तुमची.

विषय नामंजूर झाल्याचं कळलं. कारण दिलं होतं, साधनांची अनुपलब्धता. ज्या सनदा मी त्यांच्यासमोर वाचून दाखवल्या त्या अनुपलब्ध. मी त्या दिवशी रडले, रागाने रडले, आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या पेपरला जाऊन कॅस्टीलवर नेहमीपेक्षा जास्त वेळ शिकवलं. नोंदणी गेली. कायम नोकरीही गेल्यातच जमा. लिहिणं मी थांबवलं नाही, ते कुणाच्या मंजुरीवर चालतच नव्हतं. मराठीत लिहितेय, आणि सर हिरव्या शाईने त्यात चुका काढतायत.

दोन-तीन महिन्यांनी विहाराच्या फळ्यावर दादांच्या अक्षरात पुढच्या व्याख्यानाची सूचना लागली. ‘मध्ययुगीन कॅस्टीलचे परराष्ट्र धोरण आणि अर्थकारण.’ खाली माझं नाव. मला त्यांनी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? म्हणू देत, ते म्हणाले, आणि सतरंज्या घालायला गेले.

लोक आले. वंदना झाली आणि मी बोलले. निवृत्त बँकवाले, शाळामास्तर, ससून रुग्णालयातून ड्यूटी संपवून आलेल्या एक परिचारिका, भाजी घेऊन जाता जाता टेकलेल्या बायका. मी समितीपुढे बोलले होते त्यापेक्षा जास्त सांगितलं आणि काहीही सोपं करून सांगितलं नाही. संपल्यावर दादांच्या कारखान्यातले एक जुने सहकारी उभे राहिले. ते काळजीने विचारत होते, टोमणा नव्हता. म्हणाले, एवढा अभ्यास केला, चांगलं केलं, पण याची पदवी मिळणार का पोरीला?

मी तोंड उघडण्याआधी दादांनी माईक घेतला.

“नाही मिळणार,” ते म्हणाले. “त्यांनी अट घातली होती, हिने ती मानली नाही. मी असतो तर मानली असती. हिने मानली नाही ते बरोबर केलं. आता प्रश्न राजाबद्दल विचारा.”

सभागृहात जराशी चुळबुळ झाली आणि मग मागून परिचारिका बाईंनी हात वर केला. त्यांनी विचारलं, एवढं सगळं चाललं होतं तर त्या विणकरांनी काम बंद का नाही पाडलं?

मी म्हणाले, “मला माहीत नाही. पण मी ते शोधून काढणार आहे.”

दादांनी माईक माझ्याकडे सरकवला आणि ते जाऊन लोकांमध्ये सतरंजीवर बसले.